कार्डिनल कोन्साल्वी : धर्मपीठाचा मुत्सद्दी सेवक

युरोपच्या इतिहासाचा अभ्यास करताना आपण १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेपाशी येऊन पोहोचतो तेव्हा मेटर्निक, कॅसलरे, तालेराँ, झार अलेक्झांडर ही नावे तोंडपाठ होतात. परीक्षेच्या दृष्टीने तेवढी पुरेशीही असतात. परंतु त्याच सुमारास व्हिएन्नाच्या दिवाणखान्यांतून आणखी एक गृहस्थ वावरत होते. त्यांच्या पाठीशी सैन्य नव्हते, त्यांच्या धन्याची तिजोरी रिकामी होती आणि त्यांच्या राज्याचे बरेचसे प्रांत दुसऱ्यांच्या ताब्यात होते. तरीही परिषद संपली तेव्हा गेलेल्या मुलखापैकी बहुतेक मुलूख त्यांनी पदरात पाडून घेतला होता. या गृहस्थांचे नाव एर्कोले कोन्साल्वी. पोप सातवे पायस यांचे ते राज्यसचिव, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य कारभारी. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. म्हणूनच त्यांच्या चरित्राचा थोडा विस्ताराने परिचय करून देण्याचे या लेखात योजिले आहे.

या चरित्रातील एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्याभोवती फिरते. कोन्साल्वी कार्डिनल होते. लाल झगा आणि लाल टोपी हा त्यांचा अधिकृत वेश होता. पोपच्या खालोखाल त्यांचा अधिकार चाले. परंतु ते धर्मगुरू नव्हते. त्यांनी आयुष्यात कधीही मिस्सा अर्पण केली नाही, कोणाचा पापनिवेदनसंस्कार ऐकला नाही. ते मरेपर्यंत डीकनच राहिले.

डीकन म्हणजे कोण? कॅथलिक पंथात दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत : बिशप, धर्मगुरू आणि डीकन. डीकन हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ सेवक, वाढपी असा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात याची हकीकत आहे. यरुशलेमच्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी ग्रीकभाषक लोकांची तक्रार आली. प्रेषितांना प्रार्थना आणि उपदेश सोडून पंगती वाढायला वेळ नव्हता. तेव्हा त्यांनी सात विश्वासू माणसे निवडली व त्यांच्यावर हात ठेवून हे काम त्यांना सोपविले. परंपरेने या सातजणांना पहिले डीकन मानतात. म्हणजे या पदाचा जन्मच मुळी एका कारभारविषयक तक्रारीतून झाला! पुढे इ. स. २५८ मध्ये रोम येथे हुतात्मा झालेले संत लॉरेन्स हेही डीकन होते आणि मंडळीचा पैसा व गरिबांची मदत हे त्यांचे खाते होते. डीकनला बाप्तिस्मा देता येतो, विवाह लावता येतो, शुभवर्तमान वाचून प्रवचन करता येते. मिस्साविधीतील भाकर आणि द्राक्षारस अभिमंत्रित करण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. कालांतराने पश्चिमेकडे हे पद धर्मगुरू होण्यापूर्वीची एक पायरी तेवढे उरले. परंतु रोमच्या दरबारात एक अपवाद टिकला. ज्यांना राज्यकारभारात वर चढायचे होते परंतु धर्मगुरूचे जीवन पत्करायचे नव्हते, असे काही लोक डीकनपदाशी थांबत आणि कार्डिनलही होत.

यावर कोणी म्हणेल की ही तर नोकरीसाठी घेतलेली दीक्षा झाली. आक्षेप रास्त आहे. कोन्साल्वींच्या बाबतीत त्याचे उत्तर काय द्यावे हे त्यांचे आयुष्य पाहूनच ठरविणे बरे.

त्यांचा जन्म ८ जून १७५७ रोजी रोम येथे एका सरदार घराण्यात झाला. घराण्याचे मूळ नाव ब्रुनाची, मूळ गाव पिसा. आजोबांनी एक वारसा मिळविण्यासाठी कोन्साल्वी हे नाव घेतले. एर्कोले लहान असतानाच वडील वारले. शिक्षण उर्बिनो येथे व नंतर फ्रास्काती येथील सेमिनरीत झाले. फ्रास्कातीचे बिशप होते इंग्लंडच्या पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे शेवटचे वंशज, यॉर्कचे ड्यूक कार्डिनल हेन्री. या राजवंशी वृद्धाचा त्यांच्यावर लोभ जडला तो कायमचा. पुढे रोममधील धर्मदरबारी अधिकारी घडविणाऱ्या विद्यालयात शिकून कोन्साल्वी पोपच्या राज्यात नोकरीस लागले आणि १७९२ मध्ये ‘रोता’ या वरिष्ठ न्यायालयावर त्यांची नेमणूक झाली. या काळात सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. हुशार, नीटनेटका, संगीताचा शौकीन, लोकांत मिसळणारा असा तरुण अधिकारी. असे रोममध्ये त्या वेळी पुष्कळ असतील.

मग फ्रेंच आले. डिसेंबर १७९७ मध्ये रोममधील एका दंग्यात दुफो नावाचा फ्रेंच सेनापती मारला गेला. तेवढे निमित्त पुरले. फेब्रुवारी १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य शहरात शिरले, प्रजासत्ताकाची द्वाही फिरली आणि ऐंशी वर्षांचे पोप सहावे पायस यांना कैद करून नेण्यात आले. लष्करी खाते सांभाळणारे कोन्साल्वी यांना सान्त-आंजेलोच्या किल्ल्यात डांबण्यात आले व नंतर हद्दपार करण्यात आले. पोप २९ ऑगस्ट १७९९ रोजी फ्रान्समधील व्हालाँस येथे कैदेतच वारले. आता पोपपद इतिहासजमा झाले असे त्या वेळी पुष्कळांना वाटले आणि तसे वाटणे अगदीच वेडेपणाचे नव्हते.

नव्या पोपची निवडणूक रोममध्ये होणे शक्यच नव्हते. ऑस्ट्रियाच्या आश्रयाने व्हेनिसच्या सान जॉर्जो बेटावरील मठात कार्डिनल जमले आणि निवडणुकीचे सचिव म्हणून त्यांनी कोन्साल्वींना नेमले. साडेतीन महिने मतांचा तिढा सुटेना. तो सोडविण्यात या सचिवाचा मोठा हात होता. अखेर १४ मार्च १८०० रोजी इमोलाचे बिशप बार्नाबा किआरामोंती यांची निवड झाली व ते सातवे पायस झाले. (आपल्याकडील इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही तारीख पाहून क्षणभर थांबावेसे वाटेल. आदल्याच दिवशी, १३ मार्च १८०० रोजी, पुण्यात नाना फडणवीस निवर्तले. एका राज्याचा कारभारी गेला आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या राज्याच्या कारभाऱ्याचा उदय झाला. दोहोंचा परस्पर संबंध काही नाही. परंतु एकच नेपोलियन-इंग्रज झगडा दोन्ही राज्यांच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला होता एवढे खरे.) राज्यारोहणाच्या वेळी रत्नजडित मुकुट उपलब्ध नव्हता, कागदाच्या लगद्याचा मुकुट करून वेळ भागविण्यात आली. अशा पोपने आपल्या कारभाराची सूत्रे कोन्साल्वींच्या हाती दिली. ११ ऑगस्ट १८०० रोजी ते कार्डिनल व राज्यसचिव झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कसोटीचा प्रसंग पुढल्याच वर्षी आला. फ्रेंच क्रांतीने तेथील ख्रिस्तसभा उभी चिरली होती. १७९० च्या कायद्याने बिशप व धर्मगुरू सरकारी नोकर बनले. ज्यांनी शपथ घेतली ते एका बाजूस, नाकारली ते दुसऱ्या बाजूस. कित्येक देशोधडीला लागले, कित्येक गिलोटिनखाली गेले. प्रथम कॉन्सल बोनापार्ट स्वतः श्रद्धाळू नव्हता. परंतु देशात शांतता हवी तर धर्माचे भांडण मिटविले पाहिजे हे त्याने ओळखले होते. वाटाघाटी सुरू झाल्या आणि रेंगाळल्या. मे १८०१ मध्ये रोममधील फ्रेंच वकील काको याला हुकूम आला : पाच दिवसांत आमचा मसुदा मान्य करवून घे, नाहीतर संबंध तोडून निघून ये. काको हा भला माणूस होता. त्याने कोन्साल्वींना सुचविले की आपणच पॅरिसला जा. ६ जून रोजी दोघे एकाच गाडीतून रोमबाहेर पडले. संबंध तुटले अशी अफवा पसरू नये म्हणून ही युक्ती होती!

कोन्साल्वी पॅरिसला पोहोचले ते २० जूनला. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत पहिल्या भेटीचे वर्णन आहे. त्यांना वाटले होते की खाजगी मुलाखत होईल. प्रत्यक्षात त्यांना तुइलेरी राजवाड्यात नेले ते नगाऱ्यांच्या गजरात, मंत्री, सेनापती आणि दरबारी यांच्या गर्दीतून. परक्या माणसाला दिपवून गोंधळून टाकण्याचा तो जुना डाव होता. बोनापार्टने मसुदा मान्य करण्यासाठी मोजके दिवस दिले. त्यानंतर सुमारे तीन आठवडे एकेका शब्दावरून झुंज चालली.

आणि मग १३ जुलैचा तो दिवस उजाडला. एकमत झाले होते, वृत्तपत्रात घोषणाही झाली होती. जोसेफ बोनापार्टच्या घरी सह्या व्हायच्या होत्या. फ्रेंच बाजूचे बेर्निए यांनी गुंडाळी उलगडली आणि सही करण्यासाठी पुढे केली. कोन्साल्वींनी सही करण्यापूर्वी कागद वाचायला घेतला. पहिल्याच ओळींत त्यांच्या लक्षात आले की हा ठरलेला मसुदा नव्हे. नाकारलेली कलमे पुन्हा आत आली आहेत. बेर्निए ओशाळले, प्रथम कॉन्सलची तशी आज्ञा होती असे त्यांनी कबूल केले. पुन्हा वाटाघाटी सुरू झाल्या त्या रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, जवळजवळ चोवीस तास. तयार झालेला नवा मसुदा बोनापार्टने रागाने आगीत टाकला. त्याच संध्याकाळी, १४ जुलैच्या मेजवानीत, शेकडो पाहुण्यांसमक्ष त्याने कोन्साल्वींना धारेवर धरले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीप्रमाणे मीही रोमशी नाते तोडीन, अशा आशयाच्या धमक्या दिल्या. ऑस्ट्रियाचा वकील कोबेन्झल मध्ये पडला म्हणून आणखी एक बैठक ठरली. १५ जुलैला पुन्हा तास-न्-तास चर्चा झाली आणि मध्यरात्रीनंतर सह्या झाल्या.

वाचकांना प्रश्न पडेल की असे कोणते शब्द होते ज्यासाठी एवढे रक्त आटविले? मुख्य वाद होता उपासनेच्या स्वातंत्र्याचा. फ्रेंच सरकारला हवे होते की सार्वजनिक उपासना पोलिसी नियमांना धरून व्हावी. कोन्साल्वींची हरकत अशी की या दोन शब्दांत उद्याचे कोणतेही सरकार काहीही कोंबू शकेल. शेवटी त्यांनी त्याला शेपूट जोडून घेतले : असे नियम जे सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक असतील. एवढ्या पुस्तीने मोघम सत्तेला एक कुंपण बसले. कायद्याच्या विद्यार्थ्याला यातील मर्म सहज कळेल.

बाकीच्या बाबतींत मात्र त्यांनी पुष्कळ सोडले आणि ते डोळे उघडे ठेवून सोडले. कॅथलिक धर्म हा ‘राज्याचा’ धर्म न म्हणता ‘बहुसंख्य फ्रेंच नागरिकांचा’ धर्म म्हणण्यास ते राजी झाले. क्रांतीत जप्त होऊन विकल्या गेलेल्या मिळकतींवरील हक्क सोडला. बिशपांची निवड सरकारने करावी व त्यांना धर्माधिकार पोपने द्यावा असे ठरले. धर्मगुरूंना पगार सरकार देणार. सर्वांत कटू कलम म्हणजे जुन्या साऱ्या बिशपांनी राजीनामे द्यावेत हे होय. पोपशी इमान राखून जे परदेशी उपाशी राहिले होते त्यांच्याकडेच पोपने पद मागायचे! काहींनी ते दिले नाही. रोममधील कित्येक कार्डिनल म्हणाले की कोन्साल्वींनी घर विकून उंबरठा वाचविला.

माझे मत वेगळे आहे. मिळकत, दर्जा, नेमणुकीचा हक्क या गोष्टी गेल्या तरी गावोगावची देवळे उघडणार होती, मुलांचे बाप्तिस्मे होणार होते, मेलेल्यांना मंत्राग्नीऐवजी का होईना पण प्रार्थनेसह माती मिळणार होती. (ही उपमा आमची, त्यांची नव्हे.) पंगतीला ताटे चांदीची आहेत की पत्रावळी, हा वाद ज्याने मागे ठेवला आणि अन्न पोहोचले पाहिजे हे पाहिले, त्याने डीकनचेच काम केले. गंमत अशी की या वेळी त्यांना डीकनपदाचा संस्कार झालेलाही नव्हता. पदाने ते कार्डिनल-डीकन होते, पण प्रत्यक्ष दीक्षा त्यांनी घेतली ती पॅरिसहून परतल्यावर, डिसेंबर १८०१ मध्ये. एक विनोदी किस्सा त्यांच्या नावावर सांगितला जातो : बोनापार्टने ख्रिस्तसभा नष्ट करण्याची धमकी देताच ते म्हणाले की आम्हा धर्मगुरूंना अठराशे वर्षांत जे जमले नाही ते तुम्हाला कसे जमेल? किस्सा मजेदार खरा, पण जो माणूस त्या दिवशी धर्मगुरूच काय, डीकनही नव्हता, त्याच्या तोंडी तो कितपत शोभतो हे वाचकांनीच ठरवावे.

बोनापार्टने करार पाळला, पण आपल्या रीतीने. एप्रिल १८०२ मध्ये त्याने तो जाहीर केला तेव्हा रोमला न विचारता ७७ कलमांची एक पुरवणी त्याला चिकटवून दिली आणि सोडलेले पुष्कळसे मागील दाराने परत घेतले. कोन्साल्वींनी निषेध नोंदविला, करार मात्र मोडला नाही. तो करार फ्रान्समध्ये १९०५ पर्यंत टिकला. त्यापुढील गोष्ट तर अधिकच विलक्षण आहे. १९०५ मध्ये आल्सास आणि मोझेल हा प्रदेश जर्मनीकडे होता, म्हणून तेथे तो रद्द झाला नाही; आणि आजही त्या भागात धर्मगुरूंना सरकारी पगार मिळतो.

१८०४ मध्ये पोप नेपोलियनच्या राज्याभिषेकासाठी पॅरिसला गेले तेव्हा रोमचा कारभार कोन्साल्वींनी पाहिला. पुढे सम्राटाच्या मागण्या वाढत गेल्या. पोपने इंग्रजांना आपली बंदरे बंद करावीत, आपल्या शत्रूंना शत्रू मानावे असा त्याचा हट्ट होता. नकारामागे कोन्साल्वींचे डोके आहे असे त्याला वाटे. आपण दूर झालो तर निदान पोपवरचा रोष कमी होईल म्हणून जून १८०६ मध्ये त्यांनी पद सोडले. रोष कमी झाला नाही. १८०९ मध्ये पोपचे राज्य साम्राज्यात खालसा झाले, ५-६ जुलैच्या रात्री पोपना राजवाड्यातून उचलून नेण्यात आले आणि कार्डिनलांना पॅरिसला आणण्यात आले.

तेथे १८१० च्या एप्रिलमध्ये त्यांच्यापुढे एक साधा दिसणारा प्रश्न आला : लग्नाला जायचे की नाही? सम्राटाने जोसेफिनला सोडून ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी विवाह योजिला होता. पहिला विवाह रद्द ठरविला होता पॅरिसच्या धर्मन्यायालयांनी. राजांच्या बाबतीत तो अधिकार पोपचा, आणि पोप कैदेत. पॅरिसमधील कार्डिनलांपैकी तेरा जण धर्मविधीला गेले नाहीत. त्यांत कोन्साल्वी होते. रिकाम्या खुर्च्या सम्राटाच्या नजरेतून सुटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या दरबारातून त्या तेराजणांना सर्वांदेखत बाहेर काढण्यात आले, त्यांची वेतने बंद झाली आणि लाल वस्त्र वापरण्याची मनाई झाली. काळ्या साध्या झग्यात वावरणाऱ्या या मंडळींना लोक ‘काळे कार्डिनल’ म्हणू लागले. कोन्साल्वींची रवानगी रेम्स येथे झाली.

पॅरिसच्या वाटाघाटीत ज्याने मिळकतीपासून नेमणुकीपर्यंत सगळे सोडले तो माणूस एका समारंभातील खुर्ची अडवून बसत नाही, उलट ती रिकामी ठेवून सर्वस्व गमावतो, ही विसंगती वाटेल. ती नाही. जे आपले आहे ते सोडता येते. जे दुसऱ्याने विश्वासाने सोपविले ते सोडता येत नाही. कैदेतील पोपचा अधिकार ही कोन्साल्वींच्या दृष्टीने अशी ठेव होती. रेम्सच्या त्या जवळजवळ तीन वर्षांत, कोणी कागद जप्त करील या धास्तीत, त्यांनी लपून आपल्या आठवणी लिहिल्या. त्या प्रसिद्ध झाल्या १८६४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. त्यांतील काही तपशिलांवर इतिहासकारांनी शंका घेतल्या आहेत. हाताशी दप्तर नसताना स्मरणावरून लिहिणाऱ्याच्या बाबतीत हे व्हायचेच.

१८१४ मध्ये नेपोलियन पडला. पोपनी कोन्साल्वींना लगेच पुन्हा राज्यसचिव नेमले व युरोपच्या राजांकडे धाडले. पॅरिसहून ते लंडनला गेले. कॅथलिक प्रजेला पार्लमेंटात बसण्याचा हक्क ज्या देशात अद्याप मिळाला नव्हता, तेथे दोन-अडीच शतकांनंतर प्रथमच एका कार्डिनलचे राजदरबारात स्वागत झाले. प्रिन्स रीजंटवर त्यांची एवढी छाप पडली की पुढे त्याने आपला चित्रकार टॉमस लॉरेन्स याला रोमला पाठवून त्यांचे चित्र काढविले. ते विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात नेपोलियनच्या विजेत्यांच्या रांगेत लागले आहे. तलवारींच्या त्या गर्दीत लाल झग्यातील हे कृश, मोठ्या डोळ्यांचे गृहस्थ वेगळेच उठून दिसतात.

व्हिएन्नात त्यांचे काम अवघड होते. बोलोन्या, फेर्रारा, राव्हेन्ना हे सुपीक उत्तरेकडील प्रांत ऑस्ट्रियाच्या डोळ्यांत भरले होते. अँकोनाकडील मुलखावर नेपल्सचा राजा म्युरा याचे सैन्य बसले होते. कोन्साल्वींनी धर्माचा धाक घातला नाही. समोर इंग्लंड आणि प्रशिया प्रॉटेस्टंट, रशिया ऑर्थोडॉक्स, तेथे तो चालणारही नव्हता. त्यांनी सर्वांशी एकच युक्तिवाद केला : तुम्ही जर न्याय्य वारसाहक्क हे तत्त्व सांगता, तर सर्वांत दुबळ्याला ते लागू करून दाखवा. फ्रान्सतर्फे तालेराँ आला होता. एके काळी बिशप असून दीक्षा झुगारून दिलेला तो आणि धर्मगुरूही न झालेले हे, अशी ही जोडी एका मेजावर बसली असेल तेव्हाचे दृश्य कल्पून पाहण्यासारखे आहे. ९ जून १८१५ च्या अंतिम तहाने जवळजवळ सारे प्रांत परत मिळाले. आव्हिन्यों फ्रान्सकडे राहिले, पो नदीपलीकडील फेर्राराची पट्टी ऑस्ट्रियाला गेली आणि फेर्रारा व कोमाक्किओ येथे ऑस्ट्रियन शिबंदी ठेवण्याचा हक्क मान्य झाला. तेवढ्याबद्दलही त्यांनी रीतसर निषेधपत्र देऊन ठेवले. याच परिषदेत राजदूतांच्या मानापानाचा क्रम ठरला आणि पोपच्या वकिलाच्या परंपरागत अग्रमानाला धक्का लागू दिला नाही. १९६१ च्या व्हिएन्ना करारातही ती तरतूद आहे.

येथवरचे कोन्साल्वी यशस्वी आहेत. आता अपयशाकडे वळू. माझ्या मते अभ्यासाच्या दृष्टीने हा भाग अधिक मोलाचा आहे.

परत मिळालेले राज्य कसे चालवायचे? फ्रेंच अमलात तेथे एकसूत्री कायदा आला होता, सरंजामी हक्क गेले होते, नव्या पद्धतीचे कारकून तयार झाले होते. रोममधील कट्टर पक्षाचे म्हणणे होते की हे सारे पुसून १७९० सालची घडी जशीच्या तशी बसवावी. कोन्साल्वींना हे अशक्य दिसत होते. ६ जुलै १८१६ रोजी त्यांनी पोपच्या नावे एक मोठा जाहीरनामा काढला. राज्याचे १७ प्रांत पाडले, गावोगावचे परस्परविरोधी विशेषाधिकार काढून टाकले, चौकशीतील शारीरिक छळ बंद केला, जमिनीच्या सरसकट मोजणीचे काम हाती घेतले. ही मोजणी १८३५ मध्ये दुसऱ्याच पोपच्या काळात पुरी झाली व त्याच्याच नावाने ओळखली जाते. मेहनत एकाची आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव कचेऱ्यांतून नवा नाही. १८२२ मध्ये देवीची लस टोचण्याला सरकारी आधार दिला. पुढच्या पोपच्या राजवटीत तो आग्रह ढिला पडला.

सुधारणा चांगल्या, पण त्यांच्या मुळाशीच एक गाठ राहिली. प्रांताचा मुख्य अधिकारी धर्मसेवेतलाच असला पाहिजे, हा नियम कायम राहिला. साधे नागरिक सल्लागार होऊ शकत, प्रमुख नाही. फ्रेंच अमलात अधिकार भोगलेल्या वकील-डॉक्टरांना हे सहन होणे शक्य नव्हते. ते गुप्त मंडळ्यांकडे वळले. उलट कट्टरांना एवढ्याही सुधारणा पाखंडी वाटल्या. दोन्ही बाजूंनी शिव्या खाणारा मधला माणूस, अशी त्यांची स्थिती झाली. आरंभी उपस्थित केलेला आक्षेप येथे पुन्हा समोर येतो. राज्यात अधिकार हवा तर दीक्षा घ्या, या रिवाजाचे फळ स्वतः कोन्साल्वीच होते. तो त्यांना तोडता आला नाही, कदाचित तोडावासा वाटलाही नसेल. सेवकपद हे अधिकाराचे फाटक झाले की काय होते ते या राज्याने दाखवून दिले.

त्यांच्या हातून कठोरपणाही घडला. दक्षिणेकडील डोंगरात दरोडेखोरांचा सुळसुळाट झाला तेव्हा १८१९ मध्ये सोन्निनो हे गाव जमीनदोस्त करण्याचा हुकूम त्यांनी काढला. काही घरे पाडलीही गेली. दरोडे थांबले नाहीत. चरित्रकार ही गोष्ट चटकन उरकतात. परंतु ज्या घरांच्या भिंती पडल्या त्यांतील सारेच दरोडेखोर खासच नव्हते.

माणूस म्हणून ते कसे होते याविषयी मात्र दुमत फारसे आढळत नाही. संगीतरचनाकार चिमारोसा हा त्यांचा जिवलग मित्र १८०१ मध्ये वारला. त्याच्या मुलींचा सांभाळ त्यांनी केला आणि मूर्तिकार कानोव्हाकडून त्याचा अर्धपुतळा करवून घेतला. नेपोलियनने लुटून नेलेली चित्रे व मूर्ती १८१५ मध्ये परत आणण्यासाठी कानोव्हा पॅरिसला गेला त्यामागेही कोन्साल्वींची खटपट होती. लहान भाऊ आंद्रेआवर त्यांचे जीवापाड प्रेम होते. तो त्यांच्या आधी बरीच वर्षे गेला आणि आपल्यालाही त्याच्याच थडग्यात ठेवावे असे त्यांनी ठरवून टाकले.

२० ऑगस्ट १८२३ रोजी सातवे पायस वारले आणि कोन्साल्वींची सत्ता त्याच दिवशी संपली. कट्टर पक्षाने आपला माणूस निवडून आणला : आन्नीबाले देल्ला जेंगा, म्हणजेच बारावे लिओ. हे तेच गृहस्थ, ज्यांना १८१४ मध्ये पोपचा निरोप घेऊन पॅरिसला उशिरा पोहोचल्याबद्दल कोन्साल्वींनी कडक शब्दांत सुनावले होते. नव्या पोपने त्यांना तत्काळ दूर केले. १८१६ ची व्यवस्थाही पुढे बरीचशी उलटविण्यात आली. १८३१ मध्ये बंड झाले, १८७० मध्ये राज्यच गेले.

परंतु शेवट एवढ्यावर झाला नाही. काही महिन्यांनी बारावे लिओ यांनी आजारी कोन्साल्वींना बोलावून घेतले. दोघांचे दीर्घ बोलणे झाले आणि त्या बोलण्याने पोप चकित झाले. ज्याला आपण शत्रू समजत होतो त्याच्याकडे केवढे भांडार आहे हे त्यांना उमगले. जानेवारी १८२४ मध्ये त्यांनी कोन्साल्वींना ‘प्रोपगांडा’ या धर्मप्रसार-खात्याचे प्रमुख नेमले. या खात्याचा आपल्याशीही संबंध होता. १७९४ पासून मुंबईतील कॅथलिक मंडळी दोन अधिकारांत विभागली गेली होती : काही देवळे गोव्याच्या आर्चबिशपांकडे म्हणजे पोर्तुगीज ‘पाद्रोआदो’कडे, तर काही याच प्रोपगांडाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे. तो तंटा शतकभर चिघळला. जो माणूस जगभरचे तंटे मिटवीत आला त्याच्या मेजावर मुंबईचे कागद आले असते तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. त्याला वेळच मिळाला नाही. २४ जानेवारी १८२४ रोजी, नेमणुकीनंतर अवघ्या काही दिवसांत, ते वारले. वय सहासष्ट.

त्यांच्यानंतर आणखी दोन डीकन पोपच्या राज्यात मोठ्या अधिकारावर दिसतात. आंतोनेल्ली १८७६ पर्यंत राज्यसचिव होते. १८४८ ची राज्यघटना तयार करण्यात भाग घेतलेले कायदेपंडित मेर्तेल १८९९ मध्ये वारले आणि धर्मगुरू नसलेल्या कार्डिनलांची परंपरा त्यांच्याबरोबर संपली. १९१७ च्या धर्मसंहितेने कार्डिनल हा निदान धर्मगुरू असलाच पाहिजे असा नियम केला. उलट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये डीकनपद हे कायमचे, स्वतंत्र सेवापद म्हणून पुन्हा जिवंत केले. विवाहित पुरुषांनाही ते खुले झाले आणि आज मुंबईच्या धर्मप्रांतातही असे डीकन आहेत. त्यांच्या हाती राज्य नाही. इस्पितळे, तुरुंग, वस्त्या हे त्यांचे क्षेत्र. पंगत पुन्हा जिथल्या तिथे आली म्हणायची.

कोन्साल्वींचा देह ठरल्याप्रमाणे सान मार्चेल्लो देवळात आंद्रेआच्या शेजारी ठेवला आहे. हृदय पँथिऑनमध्ये आहे. तेच त्यांचे कार्डिनल म्हणून शेवटचे देऊळ होते. तेथील स्मारक डॅनिश मूर्तिकार थोरवाल्डसेन याने घडविले. सातव्या पायसचे संत पीटर मंदिरातील थडगेही त्याचेच काम. ते घडविण्यासाठी कोन्साल्वींनी आपल्या पदरचे पैसे दिले होते, आणि थोरवाल्डसेन प्रॉटेस्टंट आहे या कारणाने रोममध्ये पुष्कळांनी नाके मुरडली होती. थडगे पुरे झाले १८३१ मध्ये. पैसे देणाऱ्याने ते पाहिले नाही.